मी पाय उचलला होता

४ फेब्रुवारी

मामा,

नमस्कार. मोठा मायना लिहिण्याइतका राग अजून उतरलेला नाही, तेव्हा एवढ्यावर भागवून घ्या. फोनच करणार होते, पण फोनवर तुम्ही मला दोन वाक्यांपुढे जाऊ देत नाही. कागदावर तरी मध्येच तोंड घालता येत नाही.

बातमी अशी की कासव चालू झालं.

हो, तेच. बाबांची जर्मन गाडी, जिच्या गोल पाठीवरून तुम्हीच हे नाव पाडलंत. अपघातानंतर चार वर्षं ती ताडपत्रीखाली पडून होती आणि मग सात वर्षं मी तिच्यामागे लागले होते. दिवसभर लोकांच्या मालवाहू व्हॅन दुरुस्त करायच्या आणि संध्याकाळी शटर अर्धं खाली ओढून एक तास कासवाला द्यायचा. मागची डावी बाजू मी अख्खी नवी ठोकून काढली. परवा चावी फिरवली तर दोनदा नुसतीच खोकली आणि तिसऱ्यांदा असा धूर सोडला, की शेजारचा चष्मेवाला गिऱ्हाइकाला तसंच एक डोळा झाकून बसवून बाहेर धावत आला. मी चाकाशी बसून ढसाढसा रडले. हे मामीला सांगा, तुम्ही हसाल.

आता काम. तुमच्या जुन्या मोटारींच्या मंडळाची घाटाची शर्यत, माझा अपघात झाला तीच, एकोणीस एप्रिलला आहे. अर्ज सोबत जोडलाय. गाडी कासव, चालक मी. तुमच्या सहीशिवाय अर्ज मंडळापुढे जात नाही, म्हणून सही तुमचीच लागते.

मंडळाच्या अपघातवहीत माझ्या नावापुढे काय लिहिलंय ते मला पाठ आहे. ‘चालक मुलगी वळणात घाबरली आणि तिने ॲक्सिलरेटर दाबला. गाडीत दोष नाही.’ अक्षर कुणाचं तेही ठाऊक आहे. ती ओळ आहे तोवर मला त्या घाटात कुणी उभं करणार नाही. तर ती ओळ खोडा आणि अर्जावर सही करा. दोन्ही कामं एकाच पेनाने होतील.

तुमची भाची

१२ फेब्रुवारी

चि. भाचीबाई,

आशीर्वाद. रागावलेल्या माणसालाही ते चालतात.

चार वर्षांनी पत्र, आणि पहिल्याच पानावर हुकूम! अगदी बापावर गेली आहेस. मामीला पत्र वाचून दाखवलं. रडण्याच्या जागी मी हसलो नाही, याची नोंद घ्यावी.

कासव चालू झालं, शाब्बास. पण चालू होणं वेगळं आणि घाट चढणं वेगळं. तुझ्या बाबांशी मी तीस वर्षं दर रविवारी सकाळी दहा वाजता याच विषयावर भांडलो. ते खुर्चीत, मी स्टुलावर, मध्ये चहा. त्यांचं म्हणणं, माझी इंग्लिश गाडी म्हणजे नुसतं नाक, मागून माणूस बसवलेला. म्हणून ‘नाकाडी’. म्हणोत बापडे! पण त्या नाकात सहा सिलिंडरचं इंजिन आहे, जिथे देवाने इंजिन ठेवायला सांगितलंय तिथे, म्हणजे पुढे. जर्मनांनी काय केलं? इंजिन उचलून मागच्या चाकांच्याही मागे टांगलं. पोट पाठीवर बांधून चालणारी गाडी! पाणी नाही, रेडिएटर नाही, पंख्याच्या वाऱ्यावर सगळा कारभार. मी तिच्या स्टिअरिंगवर कधी हात ठेवला नाही आणि ठेवणारही नाही, हे मी तुझ्या बाबांना तोंडावर सांगितलं होतं.

माझ्या नाकाडीचं सौंदर्य बघ. हाताशी लाकडी स्टिअरिंग, खाली तारांची चाकं, आणि स्वभाव गाईचा. वळणात नाक बाहेर जायला लागलं की काय करायचं? रेसवरून पाय उचलायचा. बस्स. नाक आपसूक आत येतं. हेच मी तुला शिकवलं होतं आणि आजही नव्या चालकांना पहिल्या दिवशी हेच शिकवतो. घाबरलात की पाय उचला. बावन्न वर्षांत या नियमाने मला दगा दिलेला नाही.

तेव्हा सही नाही. वहीतली ओळ मी खोडणार नाही, कारण ती खरी आहे. तुला कमी लेखायला लिहिली नव्हती. बावीस वर्षांची होतीस, कुणीही घाबरलं असतं. माझं ऐक, घाट चढायचाच असेल तर नाकाडी घेऊन जा. मी देतो. आजवर मामीलाही दिलेली नाही, हे लक्षात घे.

तुझा,
मामा

२० फेब्रुवारी

मामा,

गाडी देऊ केलीत, आभार. नको.

तुम्ही अपघाताची गोष्ट काढलीत तर मी आता पूर्ण सांगते. या खेपेला मध्ये बोलायची सोय नाही.

हॉस्पिटलात माझी गळपट्टीची हाडं बांधलेली होती. तुम्ही पलंगाच्या उजवीकडे बसला होता, बाबा खिडकीपाशी उभे. तुम्ही विचारलंत, ‘काय झालं?’ मी म्हटलं, ‘मामा, गाडी बाहेर जायला लागली, म्हणून मी पाय उचलला होता.’ त्यावर तुम्ही काय म्हणालात आठवतं? ‘शक्यच नाही. पाय उचलला असतास तर गाडी आत आली असती. तू घाबरून दाबलास, आता आठवत नाही तुला.’ मी तीनदा सांगितलं. तीनदा तुम्ही मान हलवलीत. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग तुमच्याकडे पाहिलं, आणि तुमचं खरं धरलं. कारण शिकवणारे तुम्ही. त्यांचा स्वतःचा पारा चढायचा म्हणून तर त्यांनी मला तुमच्याकडे पाठवलं होतं.

त्या दिवसापासून त्यांनी मला त्या गाडीबद्दल एक शब्द विचारला नाही. ताडपत्री घातली. रविवारची भांडणं बंद केली. आपली पोरगी घाबरट, वर खोटं बोलते, असं मनात धरून ते गेले. मामा, तुमच्या अक्षरातल्या एका ओळीने हे केलं.

आणि खरी गंमत तर पुढेच आहे. काही वर्षांनी मलाही वाटायला लागलं, की दाबलाच असेन मी पाय. इतक्या लोकांनी सांगितल्यावर माणूस स्वतःच्या पायावरसुद्धा विश्वास ठेवत नाही.

आता परवाचं ऐका. जुन्या बस डेपोचं आवार रिकामं पडलंय, पहारेकरी ओळखीचा आहे. त्याच्या नळाने जमीन ओली करून घेतली, मधोमध तेलाचा रिकामा पिंप ठेवला आणि कासवाला पिंपाभोवती गोल फिरवायला लागले. तीस, पस्तीस, चाळीस. पुढची चाकं जरा बाहेर सरकली. मी तुमचा नियम पाळला. पाय उचलला. मामा, गाडीची शेपूट अशी गर्रकन पुढे आली की मी गाडीसकट उलटी फिरून पहारेकऱ्याच्या खोलीकडे बघत होते! पिंप आडवा. पुन्हा केलं, पुन्हा तेच. नऊ वेळा केलं, नऊ वेळा पिंप पाडला. मग रेस धरून ठेवली, जराही न सोडता. गाडी पिंपाला धरून शहाण्यासारखी फिरली.

पाय उचलला की गाडीचं वजन पुढे जातं. तुमच्या नाकाडीत इंजिन पुढेच आहे, नाक खाली बसतं, आत वळतं, सगळं आनंदात. कासवाचं वजन मागे आहे. मागची चाकं हलकी झाली की तेच वजन भिरकावलं जातं. बाबांना हे कळायचा प्रश्नच नव्हता, ते वळणाच्या आधीच इतके हळू व्हायचे की मागचे लोक हॉर्न वाजवून दमायचे.

तुमचा नियम तुमच्या गाडीचा होता. तुम्ही मला तो दोन्ही गाड्यांचा म्हणून दिलात. मी पाळला, म्हणून खड्ड्यात गेले.

या आणि स्वतः बघा. नाकाडी घेऊनच या.

भाची

२७ फेब्रुवारी

चि.,

ओल्या फरशीवर तर म्हैससुद्धा घसरते. त्यावरून मला पदार्थविज्ञान शिकवू नकोस.

तू चिडली आहेस आणि चिडलेल्या माणसाला हवं तेच दिसतं. बावन्न वर्षं मी गाड्या चालवतोय आणि अठ्ठावीस वर्षं शिकवतोय. त्यांतल्या किती जणांना मी चुकीचं शिकवलं असं तुझं म्हणणं आहे? आणि तुझ्या बाबांच्या मनात काय होतं ते मला विचार. त्यांचा मेहुणा मी होतो. त्यांनी तुला कधी घाबरट म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही.

माझ्या गुडघ्याला इतका लांबचा प्रवास सोसत नाही. विषय संपला.

मामा

३ मार्च

मामा,

म्हटलं नाही, हे मलाही ठाऊक आहे. म्हटलं असतं तर भांडले तरी असते!

विषय तुमच्याकडे संपला असेल, माझ्याकडे आत्ता सुरू झालाय. मंडळाची बैठक अठ्ठावीस मार्चला आहे ना? मी पिंप घेऊन येते. तुमच्या सभागृहाबाहेर ओली फरशी मी करीन, गाडी अध्यक्ष डॉक्टरसाहेबांनी चालवावी. सगळ्यांदेखत होऊ दे.

आणि अजून एक. अठ्ठावीस वर्षांत किती जणांना शिकवलंत ते तुम्हीच मोजा. त्यांतल्या किती जणांकडे इंजिन मागे असलेली गाडी आहे, तेही मोजा आणि त्यांना आधी फोन करा. माझ्यावरचा राग नंतर काढा.

गुडघा नाकाडीत बसताना दुखत नाही वाटतं.

भाची

३० मार्च

चि. भाचीबाई,

अनेक आशीर्वाद.

त्या दिवशी तुझ्याकडून निघताना मी तडक गाडीत बसलो. तुला वाटलं असेल, म्हातारा फुगून गेला. तसं नव्हतं. मला घरी पोचून फोन करायचे होते.

तुझं तीन तारखेचं पत्र मामीने वाचलं आणि मला एवढंच विचारलं, ‘फोन किती जणांना करायचाय?’ मी म्हटलं चौघांना. ती म्हणाली, ‘मग करा की.’ मी फोन उचलला आणि पुन्हा ठेवला. चौघांना काय सांगणार होतो? मलाच ठाऊक नव्हतं. म्हणून आधी तुझ्या डेपोत आलो.

तू बघितलंसच, तरी लिहितो, लिहिल्याशिवाय मला पचणार नाही. आधी नाकाडी. चाळीसला पाय उचलला, नाक आत, पिंप जागेवर. मी तुझ्याकडे कशा ऐटीत बघितलं ते आठवून आता अंगावर काटा येतो. मग जन्मात पहिल्यांदा कासवात बसलो. खुर्ची तुझ्या बाबांच्या मापाने घासलेली, चाक लहान, माझ्या हाताला परकं. चाळीसला गेलो. समोरची चाकं सरकली. आणि भाचीबाई, त्या क्षणाला मी विचार केलाच नाही, माझा पाय आपणहून उचलला गेला. पिंप कधी पडला तेसुद्धा मला कळलं नाही. तीनदा केलं. तिसऱ्या खेपेला पाय उचलायचा नाही असं ठरवून गेलो होतो, तरी उचलला. बावन्न वर्षांची सवय!

तेव्हा मला कळलं की तुझा पाय मी बसवला होता. तू अगदी माझ्यासारखी चालवत होतीस, आणि मी तुला खोटारडी ठरवलं.

परतल्यावर चौघांना फोन केले. तिघे हसले, म्हणाले ‘कधीच कळलं होतं, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून बोललो नाही.’ चौथीने गाडी परवाच घेतली होती. ती हसली नाही. तिच्याशी तासभर बोललो.

परवा बैठकीत तुझा पिंप लागला नाही. मी वही मागून घेतली आणि उभा राहून सगळं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, ‘जाऊ द्या हो, अकरा वर्षं झाली, आता कुठे उकरता.’ मी म्हटलं, ‘तिची हाडं मोडली होती, डॉक्टर, तुमची नाही.’ माझा आवाज जरा जास्तच चढला. शेवटी ठरलं ते असं: ओळ बदलायची. तुला प्रवेश द्यायचा. पण त्याच गाडीने त्याच वळणावर नको, मंडळावर कुणी बोट ठेवायला नको. तू नाकाडीने चढावंस. मला हे पटलेलं नाही, पण सांगायचं काम माझ्याकडे आलं.

ओळ कशी बदलायची तेवढं कळव. पान फाडून नवं लावू का?

आणि तुझ्या बाबांचं. त्यांच्याशी रविवारी बोलायला मी दोनदा आलो होतो, अपघातानंतर. दोन्ही वेळा दारातूनच त्यांनी विचारलं, ‘नक्की ना, तिने दाबलाच?’ दोन्ही वेळा मी म्हटलं, ‘नक्की.’ दुसऱ्या वेळेनंतर त्यांनी मला आत बोलावलं नाही. त्यांना शंका होती, पोरी. ती मी दोनदा बुजवली. हे मी तुला सत्तावीस फेब्रुवारीला लिहायला हवं होतं. लिहायला धीर झाला नाही.

मामा

५ एप्रिल

मामा,

तुमचं पत्र चार वेळा वाचलं. बाबांचं वाचून आधी इतका संताप आला की हातातला पाना भिंतीवर फेकला. टवका उडालाय. मग गाडीखालच्या खड्ड्याच्या कडेला पाय सोडून पत्र पुन्हा काढलं. त्यांनी दोनदा विचारलं. म्हणजे त्यांनी माझं म्हणणं सोडून दिलं नव्हतं. इतक्या वर्षांनी का होईना, हे तुम्ही दडवलं नाहीत. पण माफी आत्ता मागू नका, आत्ता मिळणार नाही.

पान फाडू नका! तुमच्याच मंडळाचा नियम आहे, वहीतलं पान फाडायचं नाही. एकच रेघ मारा, खालचं वाचता येईल अशी. शेजारी खरं काय ते लिहा आणि सही करा. चूक कुणाची झाली होती आणि ती कुणी कबूल केली, दोन्ही लोकांना दिसू दे.

आता नाकाडीचं. सुंदर गाडी आहे, खरंच. त्या दिवशी डेपोत चालवली तेव्हा पहिल्यांदा कळलं तुम्ही तिच्यावर इतका जीव का टाकता. ती माणसाच्या चुका पोटात घालते. कासव एकही चूक माफ करत नाही, पण त्याचं ऐकून चालवलं तर त्या घाटात ते नाकाडीला मागे टाकील, हेही तुम्हाला त्या दिवशी कळलंय. कबूल करायला मात्र आणखी बावन्न वर्षं घ्याल.

मी नाकाडीने चढणार नाही. मी नाकाडीने वर गेले तर लोक काय म्हणतील? बघा, साध्या गाडीत जमलं तिला. त्याच वळणावर, त्याच गाडीने, मीच. मंडळाला हवं तर बोट माझ्यावर ठेवा म्हणावं, माझ्यावर बोट ठेवायची त्यांना सवय आहे. अर्ज बदलणार नाही. एकोणीस तारखेला नऊ वाजता मी कासव घेऊन सुरुवातीच्या रेषेवर उभी असेन. ज्याला नाही म्हणायचंय त्याने माझ्या तोंडावर म्हणावं.

भाची

२० एप्रिल

चि. भाचीबाई,

आशीर्वाद, आशीर्वाद, आशीर्वाद.

काल तू वर पोचलीस ती दुसऱ्या बाजूने परस्पर घरी गेलीस. मंडळाच्या चहालाही थांबली नाहीस. बरोबर केलंस. मीही प्यायलो नाही.

तुला एक कोडं पडलं असेल. नऊला तू आलीस तेव्हा जीभ परजून आली होतीस, लांबूनच दिसत होतं. आणि कुणी काही बोललंच नाही. डॉक्टरांनी गुमान तुला क्रमांकाची पाटी दिली. तर साडेसातला काय झालं ते ऐक. मी नाकाडी नेली आणि सुरुवातीच्या रेषेवर रस्त्यात आडवी लावली. चावी खिशात, खिशाला बटण. म्हटलं, ‘ती तिच्या गाडीने जाणार असेल तर बाजूला घेतो. नाहीतर आज कुणीच जात नाही.’ डॉक्टर लालबुंद झाले. मला मंडळातून काढायची भाषा झाली. मी म्हटलं, ‘काढा, पण आधी गाडी हलवून दाखवा.’ सहा जणांनी नाकाडी ढकलायचा प्रयत्न केला. मी गिअर टाकून ठेवला होता. मामी गाडीतच शेजारच्या सीटवर छत्री घेऊन बसली होती, ती म्हणाली, ‘मी उतरणार नाही, माझं वजनही मोजा.’ साडेआठला ते दमले.

तुला पाटी मिळालेली पाहिली, मग मी झेंडा मागून घेतला आणि चालत त्या वळणावर गेलो. गुडघा म्हणशील तर बोललाच नाही.

तुला येताना मी आधी पाहिलं नाही, ऐकलं. कासवाचा तो पिठाच्या गिरणीसारखा आवाज खालून चढत आला. वळणाआधी तू वेग कमी केलास, आवाज उतरला. मग वळण सुरू झालं आणि आवाज धरला गेला. तुझी पुढची चाकं बाहेर सरकली, मी डोळ्यांनी पाहिलं, खडी उडाली. आणि माझा पाय, भाचीबाई, तिथे रस्त्याच्या कडेला, बुटात, उचलला गेला!

तुझा नाही उचलला गेला. आवाज तसूभर खाली आला नाही. तू माझ्यासमोरून गेलीस आणि मी झेंडा हलवायला विसरलो. त्यासाठी मला दंड झाला आहे.

वहीत लिहिलं. तुझ्या सांगण्याप्रमाणे एकच रेघ मारली, खालचं वाचता येतं. शेजारी असं: ‘चालकाने पाय उचलला होता. शिकवणाऱ्याने तसं शिकवलं होतं. त्या गाडीत ते चूक होतं. चालकाने तेव्हाच खरं सांगितलं होतं.’ खाली माझी सही. डॉक्टर म्हणाले, शेवटचं वाक्य नोंदीत बसत नाही. मी म्हटलं, बसवा.

भीती वाटली का गं तुला?

मामा

२५ एप्रिल

मामा,

वाटली. चाकं सरकली तेव्हा पायाला वरून कुणीतरी ओढतंय असं वाटलं, आणि मी मोठ्याने ओरडले, ‘नाही उचलणार!’ एकटीच गाडीत. काच बंद होती म्हणून बरं.

नाकाडीचं वाचून आधी हसले आणि मग नाही हसता आलं. मामीला सांगा, तिचं वजन मी मोजलंय.

घरी आल्यावर कासव शेडमध्ये लावलं आणि ताडपत्री घडी करून चष्मेवाल्याला देऊन टाकली. त्याचं छप्पर गळतं. मला आता लागणार नाही.

तुम्ही वहीत लिहिलेलं मी बाबांच्या खुर्चीपाशी उभी राहून मोठ्याने वाचलं. चारही वाक्यं. शेवटचं दोनदा, कारण त्यांनी दोनदा विचारलं होतं.

माफ केलंय असं समजू नका, अजून थोडा राग शिल्लक आहे आणि तो मला पुरवून वापरायचाय. पण नाकाडी घाटात कासवाहून चांगली असं तुमचं अजूनही म्हणणं असेल, तर ते मला पत्रात ऐकायचं नाही. रविवारी दहा वाजता या. चहा मी करीन. बाबांच्या खुर्चीत मी बसते, स्टूल तुमचं आहे.

तुमची भाची